पुठ्ठ्याच्या तबकड्या व हास्याचा विवेक

परग्रहावरील प्राणी पृथ्वीवर चाल करून येतात, मनुष्यजातीचा संहार करूं पाहतात, आणि शेवटीं गांवांतील चारदोन तरुण त्यांचा पराभव करितात, अशा कथानकाचे स्वस्त व ओबडधोबड चित्रपट अमेरिकेंत व अन्यत्र गेल्या सत्तर वर्षांत पुष्कळ निघाले. त्यांतील बहुतेक लयास गेले, हें योग्यच झालें. परंतु कांहीं थोडे असे आहेत कीं, ज्यांस प्रथम कोणीं विचारिलें नाहीं, टीकाकारांनीं ज्यांची रेवडी उडविली, तेच पुढें लोकांच्या गळ्यांतील ताईत होऊन बसले. त्यांच्याच काळांतील मोठमोठे, अमाप पैसा ओतून काढलेले चित्रपट लोक विसरले. हे मात्र मध्यरात्रीच्या खेळांना गर्दी खेंचतात, आणि त्यांतील वाक्यें नटांच्या आधीं प्रेक्षकच म्हणून दाखवितात. इंग्रजींत अशा चित्रपटांस 'कल्ट' हें विशेषण लावितात. या शब्दाचा मूळ अर्थ उपासना असा आहे. एखाद्या चित्रपटाभोंवतीं भक्तसंप्रदाय जमावा हें नवल खरें. आणि ती भक्ति उत्कृष्ट कलाकृतीच्या नव्हे, तर दोऱ्यानें टांगलेल्या तबकडीच्या वाट्यास यावी, हें त्याहून मोठें नवल.

शाळेच्या वार्षिक अंकांत हा विषय कशास, असा प्रश्न कित्येक पालकांच्या मनांत उभा राहील. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, हे चित्रपट आपल्या घरांत केव्हांच येऊन पोहोंचले आहेत. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर मुलें त्यांतील तुकडे पाहतात, एकमेकांस पाठवितात व खदखदां हंसतात. मुलें काय पाहतात याची चिंता पालक करितात; तीं कशी हंसतात याची चिंता सहसा कोणी करीत नाहीं. आम्हांस ही दुसरी चिंता अधिक महत्त्वाची वाटते. कारण हंसण्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारानें हंसणारा मनुष्य मोठा होतो, दुसऱ्यानें तो लहान होतो. आणि हे दोन्ही प्रकार या चित्रपटांच्या इतिहासांत फार स्पष्टपणें पाहावयास सांपडतात.

प्रथम या कथांचें मूळ पाहूं. परग्रहावरील स्वारीची कल्पना लोकांच्या मनांत रुजविली ती इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यानें. त्याची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९८ सालीं पुस्तकरूपानें निघाली. तींत मंगळावरील प्राणी इंग्लंडवर चालून येतात व त्या काळच्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याची धूळधाण उडवितात. युरोपियनांनीं टास्मानियांतील मूळ रहिवाशांचा जो नाश केला, त्याचें स्मरण वेल्सनें वाचकांस आरंभींच करून दिलें आहे. दुसऱ्यांच्या देशांवर स्वाऱ्या करणाऱ्यांस स्वारी सोसणें म्हणजे काय, हें त्यानें दाखविलें. ता. ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं ऑर्सन वेल्स यानें अमेरिकेंत या कथेचें नभोनाट्य बातम्यांच्या धर्तीवर सादर केलें, तेव्हां कित्येक श्रोते खरेंच घाबरले. त्या घबराटीचें वर्णन वृत्तपत्रांनीं पुष्कळ फुगविलें, ही गोष्ट निराळी. पुढें ता. २४ जून १९४७ रोजीं केनेथ आर्नोल्ड नांवाच्या वैमानिकानें वॉशिंग्टन राज्यांतील रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकणाऱ्या वस्तु अतिवेगानें उडतांना पाहिल्याचें सांगितलें, आणि 'उडत्या तबकड्या' हा शब्द सर्वतोमुखीं झाला. महायुद्ध नुकतेंच संपलें होतें, अणुबाँबची धास्ती होती, रशियाशीं शीतयुद्ध जुंपलें होतें. आकाशांतून कांहीं तरी भयंकर येणार, ही भीति अमेरिकन मनांत घर करून बसली. जेथें भीति आहे तेथें तिचा व्यापार करणारेही येतात. चित्रपटांच्या लहानमोठ्या निर्मात्यांनीं ही संधि साधली.

ज्यांच्यापाशीं पैसा होता त्यांनीं ती भीति भव्य रूपानें दाखविली. १९५३ सालीं वेल्सच्या कादंबरीवर निघालेल्या चित्रपटास दृश्यचमत्कारांबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळालें. ज्यांच्यापाशीं पैसा नव्हता त्यांनीं काय केलें? त्याच वर्षीं निघालेल्या 'रोबॉट मॉन्स्टर' या चित्रपटांत पृथ्वीचा संहारक म्हणून जो प्राणी येतो, त्याच्या अंगांत गोरिलाचें केसाळ सोंग आहे आणि डोक्यावर पाणबुड्याच्या धर्तीचें शिरस्त्राण! यंत्रमानवाचा पोशाख करविण्यास पैसा नव्हता. गोरिलाचें सोंग मात्र एका नटाजवळ तयार होतें. या संहारकाच्या गुहेंतील भयंकर यंत्रांतून साबणाचे फुगे बाहेर पडतात. प्रेक्षकांनीं भ्यावें अशी निर्मात्याची अपेक्षा. पाहणाऱ्यास मात्र हंसूं आवरत नाहीं.

या जातीचा शिरोमणि म्हणजे एडवर्ड वुड याचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' हा चित्रपट. त्याचें चित्रण १९५६ सालीं झालें. त्यास पैसा कोणी पुरविला, हें ऐकून आमच्या वाचकांस मौज वाटेल: तो बॅप्टिस्ट मंडळीच्या सभासदांनीं पुरविला! या चित्रपटाच्या नफ्यांतून पुढें धार्मिक चित्रपट काढावे, अशी त्या भाविक गृहस्थांची योजना होती. मूळच्या नांवांत थडगीं लुटणाऱ्यांचा उल्लेख होता, तो त्यांस अप्रशस्त वाटल्यामुळें नांव बदलण्यांत आलें. खुद्द वुड व नटमंडळींपैकीं कांहीं यांनीं बाप्तिस्माही घेतला. कथा अशी कीं, मनुष्य लवकरच सूर्यप्रकाशासच स्फोटक बनविणारें अस्त्र शोधून काढील व त्यांत सर्व विश्वाचा नाश होईल, म्हणून परग्रहवासी त्यास आवरूं पाहतात. आणि त्यासाठीं मेलेल्यांस थडग्यांतून उठवितात. अणुबाँबच्या त्या काळांत हा विचार कांहीं क्षुद्र नव्हता. परंतु तो पडद्यावर आला कसा! तबकड्या दोऱ्यांवर झुलतात. स्मशानांतील थडगीं धक्का लागतांच डुलतात. एकाच प्रसंगांत एका क्षणीं दिवस असतो, दुसऱ्या क्षणीं रात्र. विमानांतील चालकाच्या खोलीस दाराऐवजीं न्हाणीघरांतला पडदा आहे. नामांकित नट बेला लुगोसी हा १९५६ च्या ऑगस्ट महिन्यांतच वारला होता. त्याचीं पूर्वीं घेतलेलीं थोडीं दृश्यें तेवढीं हाताशीं होतीं. उरलेल्या दृश्यांत त्याच्याहून उंच असा दुसराच एक गृहस्थ, जो व्यवसायानें पाठीचे मणके बसविणारा होता, झग्यानें तोंड झांकून वावरतो.

या चित्रपटानें कोणाचें दैव उघडलें नाहीं. तो दूरचित्रवाणीस विकला गेला व वर्षानुवर्षें अपरात्रीं दाखविला जाऊं लागला. वुड दारिद्र्यांत व व्यसनांत १९७८ च्या डिसेंबरांत, वयाच्या ५४ व्या वर्षीं मरण पावला. १९८० सालीं मेडव्हेड बंधूंच्या पुस्तकांत या चित्रपटास आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट व वुड यास सर्वांत वाईट दिग्दर्शक, अशा पदव्या देण्यांत आल्या. त्यामुळें लोक तो मुद्दाम पाहूं लागले. ते प्रथम टवाळीसाठींच. परंतु पुढें जें झालें तेंच विचार करण्यासारखें आहे. टवाळी करण्यास आलेले लोक पुन: पुन: येऊं लागले, आणि एकाच वस्तूची टवाळी मनुष्य फार दिवस करूं शकत नाहीं. एक तर तो तिला कंटाळतो, नाहीं तर तिच्यावर लोभ करूं लागतो. या कर्त्यानें आपणांस फसविलेलें नाहीं, हें प्रेक्षकांच्या ध्यानीं आलें. त्यास जें सांगावयाचें होतें तें तो कळकळीनें सांगत होता. त्याच्यापाशीं साधनें नव्हतीं आणि, हेंही खरें, कौशल्यही नव्हतें. १९९४ सालीं टिम बर्टन या ख्यातनाम दिग्दर्शकानें वुडच्या जीवनावरच चित्रपट काढिला. त्यांत लुगोसीची भूमिका करणाऱ्या मार्टिन लँडो यास ऑस्कर पारितोषिक मिळालें. उपहासाचें रूपांतर आपुलकींत झालें. तें पाहण्यास वुड मात्र या जगांत नव्हता.

आतां दुसऱ्या प्रकारचे चित्रपट पाहूं. यांत कर्ता स्वत:च प्रथम हंसतो व मग प्रेक्षकांस हंसण्याचें आमंत्रण देतो. १९८८ सालचा 'किलर क्लाउन्स फ्रॉम आउटर स्पेस' हा याचा उत्तम नमुना होय. तो काढणारे कियोडो आडनांवाचे तिघे भाऊ हे बाहुल्या, मुखवटे व यांत्रिक प्राणी घडविणारे कारागीर. खर्च सुमारें वीस लाख डॉलर. आपणांस हा आंकडा मोठा वाटेल, परंतु हॉलिवूडच्या हिशेबीं ती चिल्लरच. परग्रहावरून आलेले हे शत्रु सर्कशींतील विदूषकांच्या रूपाचे आहेत. त्यांचें अंतराळयान म्हणजे सर्कशीचा तंबू. त्यांच्या बंदुकींतून मक्याच्या लाह्या सुटतात. आपण जत्रेंत 'म्हातारीचे केस' म्हणून जी साखरेची कापसासारखी मिठाई खातों, तिच्या गुंडाळ्यांत ते माणसांस बांधून ठेवितात. फुग्यांचा केलेला कुत्रा वास काढीत पळणाऱ्यांच्या मागें लागतो. एक विदूषक भिंतीवर हातांच्या सावलीनें प्राणी करून दाखवितो, लोक टाळ्या पिटतात, आणि ती सावलीच त्यांस गिळून टाकते. गांवचा खाष्ट पोलीस अंमलदार मात्र हा सर्व कॉलेजांतील पोरांचा चावटपणा आहे, असें शेवटपर्यंत म्हणत राहतो, व स्वत:च बळी पडतो. या सर्व गंमतीस एक शिस्त आहे, हें लक्षांत घ्यावें. प्रत्येक शस्त्र सर्कशींतूनच आलेलें आहे. एकही कल्पना बाहेरून उसनी आणून चिकटविलेली नाहीं. पैसा थोडा होता, पण विचार थोडा नव्हता. पुढें दूरचित्रवाणी व व्हिडिओ फिती यांच्या द्वारें हा चित्रपट घरोघर पोहोंचला, आणि तो आजही इतका जिवंत आहे कीं, २०२४ सालीं त्यावर संगणकीय खेळ निघाला.

न्यूझीलंडमधील पीटर जॅक्सन याची हकीकत तर याहून बोधप्रद आहे. पुकेरुआ बे या समुद्रकांठच्या लहानशा गांवांतला हा तरुण एका वृत्तपत्राच्या कचेरींत छायाचित्रांचे ठसे तयार करण्याचें काम करी. सुटीच्या दिवसांत मित्रांस जमवून त्यानें 'बॅड टेस्ट' हा चित्रपट घेण्यास आरंभ केला. तो पुरा होण्यास सुमारें चार वर्षें लागलीं. आकाशांतील एका खाद्यपेढीसाठीं माणसांचें मांस गोळा करावयास परग्रहवासी येतात, असें त्याचें किळसवाणें पण विनोदी कथानक. त्यांचे रबरी मुखवटे जॅक्सननें आईच्या स्वयंपाकघरांतील भट्टींत भाजून तयार केले. नट कमी पडले म्हणून दोन भूमिका त्यानें स्वत:च केल्या, एक दाढी ठेवून व एक दाढी काढून. आणि एका कड्यावर हीं दोन्ही पात्रें एकमेकांशीं झुंजतात! शेवटीं सरकारी चित्रपट आयोगानें मदत दिली व १९८७ सालीं चित्रपट पुरा झाला. तो रक्तपातानें बरबटलेला आहे व शाळकरी मुलांनीं तो पाहूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु तो कसा घडला ही हकीकत प्रत्येक मुलास सांगण्याजोगी आहे. याच जॅक्सनच्या 'द रिटर्न ऑफ द किंग' या चित्रपटास २००४ सालीं अकरा ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. आईच्या भट्टींत भाजलेला मुखवटा आणि हीं अकरा पारितोषिकें यांच्या मध्यें एकच मनुष्य आहे, व एकच हौस आहे.

मग या चित्रपटांवर लोकांचा एवढा लोभ कां? आमच्या मतें त्याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, त्यांत माणसाचा हात दिसतो. कोट्यवधि डॉलर खर्चून संगणकानें रचलेलें दृश्य निर्दोष असतें. पण तेथें प्रेक्षकास पैसे देऊन डोळे विस्फारण्यापलीकडे काम उरत नाहीं. पुठ्ठ्याची तबकडी पाहणाऱ्याची मदत मागते. कोंकणांतील दशावतारी खेळांत एक लांकडी बाक मांडून त्यास सिंहासन म्हणतात, आणि प्रेक्षक मुकाट्यानें त्यास सिंहासन मानतात. कारण खेळांत त्यांचाही वांटा असतो. दुसरें कारण भीतीचें. सगळें जग जिंकण्यास निघालेल्या वैऱ्याच्या पाठीवरील शिवण एकदां दिसली कीं त्याचा दरारा संपला. जी भीति अमेरिकन लोकांस आकाशाकडे पाहावयास लावीत होती, तिच्या हातीं या चित्रपटांनीं मक्याच्या लाह्या दिल्या. ज्या भयास आपण हंसूं शकतों तें आपला धनी राहत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, 'म्हणजे वाईटास चांगलें म्हणा, असाच तुमचा उपदेश ना?' मुळींच नाहीं. वुडचा चित्रपट वाईट आहे, आणि तो वाईट आहे हें ओळखतां येणें हें शिक्षणाचेंच लक्षण होय. वर्गांतील अशुद्ध निबंधास कळकळीबद्दल गुण देण्याची चाल आम्ही पाडणार नाहीं. पण निबंधावर लाल रेघ ओढणें वेगळें, आणि निबंध लिहिणाऱ्यास वर्गापुढें उभें करून खिदळणें वेगळें. पहिल्यानें कृति सुधारते, दुसऱ्यानें कर्ता मरतो. अलीकडे तर मुद्दाम वाईट चित्रपट काढून त्या वाईटपणावरच पैसा मिळविण्याची टूम निघाली आहे. त्यांत आम्हांस रस नाहीं. वुडच्या दोऱ्या दिसत, कारण त्या लपविणें त्याला जमलें नाहीं. यांच्या दोऱ्या दिसतात, कारण दाखविण्यासारखें दुसरें कांहीं यांच्यापाशीं नसतें.

मोबाइलनें उपहास फार स्वस्त केला आहे, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. एखादा मुलगा संमेलनांत गातांना चुकतो, एखादी मुलगी भाषणांत अडखळते, आणि त्याच रात्रीं ती चूक शंभर घरांत जाऊन पोहोंचते. वुडच्या वाट्यास जें मरणोत्तर आलें, तें आमच्या मुलांच्या वाट्यास तेराव्या वर्षीं येतें. मग पुढच्या वर्षीं तीं मुलें व्यासपीठावर पाऊल ठेवीत नाहींत. आम्ही शिक्षकांनीं हें पाहिलें आहे, आणि तें पाहून आम्हांस हंसूं आलेलें नाहीं.

शेवटीं आणखी एका चित्रपटाचा उल्लेख करितों. १९६४ सालीं न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर विमानांच्या एका रिकाम्या कोठारांत 'सँटा क्लॉज काँकर्स द मार्शियन्स' नांवाचा मुलांचा विनोदी चित्रपट घेण्यांत आला. अत्यंत वाईट चित्रपटांच्या याद्यांत त्याचें नांव नेहमीं आढळतें. त्यांतील अस्वल म्हणजे अस्वलाचें कातडें पांघरलेला मनुष्य, हें लहान मूलही ओळखील. पण कथा ऐका. मंगळावरील मुलांस लहानपणापासूनच यंत्रांच्या द्वारें सर्व ज्ञान डोक्यांत भरलें जातें. त्यामुळें तीं शहाणीं होतात, पण खेळत नाहींत व हंसत नाहींत. तासन् तास पृथ्वीवरचे कार्यक्रम पडद्यावर पाहत बसतात. त्यांच्या आईबापांस चिंता पडते. एक वृद्ध त्यांस सांगतो कीं, तुम्हीं या मुलांचें बालपणच हिरावून घेतलें आहे. तेव्हां मंगळवासी पृथ्वीवर स्वारी करून सँटा क्लॉजला पळवून नेतात. युद्धखोर वोल्डार त्याच्या जिवावर उठतो. त्याचा पाडाव मुलें खेळण्यांनीं करितात. साठ वर्षांपूर्वींच्या या टाकाऊ म्हणविलेल्या चित्रपटांत सकाळीं शिकवणी, दुपारीं शाळा, सायंकाळीं पुन: शिकवणी व रात्रीं मोबाइल, अशा क्रमांत वाढणाऱ्या आमच्या मुलांचें चित्र कोणास दिसलें, तर त्यास आम्ही दोष देणार नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी आहे. येत्या संमेलनासाठीं इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनीं परग्रहावरील स्वारीची एक दहा मिनिटांची विनोदी चित्रफीत तयार करावी. खर्च पांचशें रुपयांच्या आंत असावा. पुठ्ठा, खळ, रद्दी कागद व घरांतील जुनीं भांडीं एवढेंच सामान वापरावें; तबकडी विकत आणूं नये. पालकांस विनंति कीं, त्यांनीं या कामासाठीं मुलांस आठवड्यांतून एक सायंकाळ शिकवणींतून मोकळी द्यावी. गुणपत्रिकेंत याची नोंद होणार नाहीं, हें आम्ही प्रामाणिकपणें सांगतों. परंतु तबकडीचा दोरा लपविण्यासाठीं ज्यानें एकदां दोन तास खटपट केली आहे, तो दुसऱ्याच्या दोऱ्याकडे बोट दाखवून हंसेल तेव्हां वेगळ्या रीतीनें हंसेल. आणि विद्यार्थिमित्रांनो, ऐन प्रसंगीं तुमचें थडगें डुललें तर घाबरूं नका. प्रेक्षकांबरोबर तुम्हीही मनमोकळें हंसा, थडगें नीट उभें करा, आणि पुढचें वाक्य म्हणा.